अंगणातली उडी

शेजारी बिडीसाठी तेंदूपत्ता भिजवून राहिले. तो वास नाकात गेला अन् मागच्या साली गेलेली बायको दिसली, मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधत बसलेली.

ती अशीच बसली होती एका दिवशी, पोरगी दहावीत होती तेव्हा. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर, अन् व्हर्ब म्हणजे क्रिया एवढं पाठ, पण शब्द पाहून व्हर्ब कोणतं, प्रिपोझिशन कोणतं, तिले समजेच ना. बायको शाळेत गेली नव्हती, पण ते ऐकून बोलली, "जे करून दाखवता येते ते व्हर्ब. तू वाच, तुझा बाप करते."

पोरीनं 'अंडर' वाचलं. नुसतं 'खाली' कसं करावं? मी उभाच. 'जंप' म्हटल्यावर उडी मारली. कुंपणावरून शेजारी हसला, "काऊन गा, बुढापा आला अन् कुदून राहिला?"

मी लाजलो. "मुंगळा चावला," म्हटलं. पोरीनं मान खाली घातली.

बायकोनं सूप ठेवलं, लुगडं खोचलं. "मुंगळा नाही भाऊजी, अभ्यास होऊन राहिला," म्हणत तिनं अशी उडी मारली, की पोरगी हसून ओरडली, "व्हर्ब!"

मी मात्र खोटंच पाय खाजवत उभा. माझं खोटं उघडं पाडलं म्हणून तेव्हा बायकोवरच चिडलो होतो. आता लाज वाटते. तिच्यासंग अजून एक उडी मारली असती, तं काय बिघडलं असतं?