नामदेवराव आणि न वळणारा सिग्नल

अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रीडिंग्ज कमी जमली आणि किस्से जास्त. विषय मिलिमीटर लहरींचा, म्हणजे मोबाइलचा नवा सिग्नल इमारतीच्या आत कसा फिरतो याचा. गावंडे सरांची पीएच.डी. त्यावर सहा वर्षं अडकलेली. मी त्यांची असिस्टंट. आणि शिपाई नामदेवराव.

हा सिग्नल फार नाजूक. कॉरिडॉरच्या एका टोकाला ट्रान्समीटर, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर. रोज अकराला सिग्नल पडायचा. सरांनी तीन दिवस वायरी तपासल्या. चौथ्या दिवशी मी बाहेर डोकावले, तर नामदेवराव बरोबर मधोमध उभे राहून चहा ओतत होते.

"तुमच्या अंगातून सिग्नल जात नाही," सर म्हणाले.

"घरी बी तसंच हाय सर. मी मधात आलो का मायलेकीचं बोलणं बंद."

*

मग कोणत्या वस्तूतून सिग्नल जातो ते पाहायचं ठरलं. सर अकोल्याचे. घरून कापसाचं गाठोडं घेऊन आले. कोरड्या कापसातून सिग्नल आरामात गेला. कापसावर पाणी मारलं, तर अडला. सर हरखले.

नामदेवराव म्हणाले, "त्यात नवीन काय? ओला कापूस व्यापारी बी पुढं जाऊ देत नाही."

*

प्रिन्सिपल साहेबांच्या केबिनला आरशासारखी काच बसली. सिग्नल तिच्यावर आपटून परत यायचा. सरांनी अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, 'केबिनमध्ये बाहेरचं काहीच पोचत नाही.'

साहेबांनी खुलासा मागवला. सरांनी दिला. तोही पोचला नाही.

*

शेवटी बाहेरगावचे परीक्षक आले. सिग्नल कोपऱ्यावरून वळवून दाखवायचा होता, आणि त्यासाठी रिफ्लेक्टर म्हणून लावलेला लोखंडी पत्रा गॅदरिंगवाल्यांनी स्टेजला नेलेला. सर मटकन खुर्चीत बसले.

"घाबरून काहून राहिले सर? मी हाय ना."

नामदेवरावांनी कँटीनमधली स्टीलची मोठी परात आणली, छातीशी धरली आणि कोपऱ्यात उभे राहिले. इतका चांगला सिग्नल आम्ही सहा वर्षांत पाहिला नव्हता.

परीक्षकांनी बोट दाखवलं. "ही परात?"

"रिफ्लेक्टर, सर," गावंडे सर म्हणाले.

"आणि हे?"

सरांच्या आधी नामदेवरावच बोलले, "स्टँड हाय मी साहेब. परमनंट. पगार सरकार देते."

परीक्षकांनी गंभीर चेहऱ्यानं शेरा लिहिला. सरांनी तो मोठ्यानं वाचला, "काम समाधानकारक. फक्त रिफ्लेक्टरची उंची बदलून पुन्हा रीडिंग्ज घ्यावीत."

परात तसूभरही न हलवता नामदेवरावांनी विचारलं, "स्टूल आणता, का उकिडवा बसू?"