गोळा दिला का?

मामीने फोनवर मामा गेल्याचं सांगितलंच नाही. ती म्हणाली, "अगं, ह्यांची गोळी चुकली." मी अंधेरीला ऑफिसच्या जिन्यात उभी होते. बाकीचं तिच्या रडण्यावरून कळलं...

आदल्या दुपारी मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये मामा सारखा काहीतरी विचारत होता. शब्द तोंडात नीट वळत नव्हते. "दिली, आजोबा, सकाळीच दिली गोळी," नर्स म्हणायची आणि तो आणखीच घाबरा व्हायचा, चादर मुठीत धरायचा. शेजारी बसलेली मामीही गोळीच समजत होती. मला मात्र 'गोळा' ऐकू येत होतं. पण माझं मराठी इंग्लिश मीडियमवालं. मामीला कसं सांगायचं, तुझं ऐकण्यात चुकतंय म्हणून?

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, विदर्भातल्या एका छोट्या स्टेशनावर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. एकेरी मार्ग, त्यामुळे पुढच्या स्टेशनाने होकार दिला की यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. कापसाच्या गाठी तिथूनच जायच्या. मग सरकी काढायचं जिनिंग बंद पडलं, रुंद रूळ दुसरीकडून गेले, जुने उचलून नेले. गेल्या दिवाळीत मामाने फोटो दाखवला: तिकिटाच्या खिडकीत विटा, फलाटावर वाळत घातलेल्या मिरच्या. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला तरी सोडा त्या स्टेशनातून."

"तू कधी ऐकलं नाहीस, म्हणून तिला सांगतोय."

"मी ऐकत बसले असते तर पोळ्या कोणी लाटल्या असत्या?"

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी मामी चहाला खाली गेली तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. मी वाकून म्हटलं, "मामा, गोळा दिलाय."

"ड्रायव्हरच्या हातात?"

"हातात."

त्याची मूठ सुटली. मामी वर आली तोवर त्याला झोप लागली होती. नंतर तो बोललाच नाही. मला त्याची भीती घालवायची होती, एवढंच. पण गोळा दिला की गाडी सुटते, हे मला माहीत होतं... आणि तिकडे मामी रोज फोनवर विचारायची, "चुकलीच ना गं गोळी?"

मागच्या रविवारी मुलुंडला जाऊन मी तिला सगळं सांगितलं. औषधांचा डबा मांडीवर घेऊन तिने पहिल्यांदाच ते स्टेशन शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे गोळी नव्हती मागत?"

"नाही, मामी."

"आणि तू दिला म्हणालीस."

"हो."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"मला हाक मारायचीस ना गं," ती म्हणाली. "खालीच तर होते मी."