रांगोळीची गिरणी

खंडेनवमीच्या सकाळी सातारा स्टँडवर सांगलीची एसटी उभी होती. पुढच्या काचेवर झेंडूचा हार इतका जाड की चालकाला रस्ता दिसणार कसा, अशी मला शंका आली. स्टिअरिंगला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू.

"आज गाडीचा मान हाय, ताई. पाया पडून चढा," चालक म्हणाला.

मी पडले नाही. खांद्यावरच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि तो मला जड होत होता. 'भोंगाचोरांना जेरबंद करा!' हे शीर्षक माझंच. खालचा मजकूरही माझाच, उद्गारचिन्हांसकट.

सांगलीच्या कडेला एक कापडगिरणी होती. तिच्या पितळी भोंग्यावर सगळं शहर उठायचं, जेवायचं, पोरांना शाळेत धाडायचं. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली आणि त्या गडबडीत भोंगा नाहीसा झाला. कुणी विचारलं नाही. बंद कारखान्यांच्या जुन्या वस्त्या वाचवायला आम्ही साताऱ्याची काही पोरंपोरी धडपडतो. आम्ही विचारायचं ठरवलं. दसरा झाला की पोलीस ठाण्यावर मोर्चा, त्याआधी गिरणीच्या पेठेत पत्रकं. पेठेला जागं करायची कामगिरी माझ्यावर होती.

कराडला चहा, मलकापूरला रस्त्याच्या कामाची धूळ, मग दोन्ही बाजूंनी ऊस. रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टर हार घालून उभा होता. एका वेल्डिंगच्या दुकानापुढे तर हातोड्या, पाने, पकडी अशा ओळीनं मांडल्या होत्या की जणू जेवायला पंगत बसली आहे. दोन्ही जिल्ह्यांत आज कुणी अवजाराला हात लावत नाही. नमस्कार करतात आणि सुट्टी देतात.

गिरणीच्या फाटकाशी उतरले आणि जागच्या जागी थांबले. पत्रकात मी 'भग्नावशेष' असा शब्द लिहिला होता. इथं भग्नसुद्धा काही नव्हतं. भिंती नाहीत, छप्पर नाही. एकटी चिमणी, तिच्या अंगातून फुटलेला पिंपळ आणि बाकी सगळी वेडी बाभूळ. बाभळीतून चुन्याच्या रेघा मारलेल्या. प्लॉट पडले होते! जिथं तीन पाळ्यांत माणसं घाम गाळत होती तिथं कुणाचं तरी पार्किंग होणार. मला इतका संताप आला की मी रेघेवर पाय घासून ती पुसायला लागले. पुसली नाही, चप्पलच पांढरी झाली.

फाटकासमोर पेठ. आणि ही पेठ, खरं सांगते, सुंदर आहे. बैठ्या कौलारू चाळी, प्रत्येक दाराला दगडी ओटा, ओट्यावर तुळस नाहीतर डब्यातली मिरची. महापालिकेनं गल्ल्यांना मोठ्या माणसांची नावं दिली आहेत, पाट्याही आहेत. पण लोक अजून म्हणतात ताण्याची गल्ली (ताणा म्हणजे कापडातला उभा धागा), बाण्याची गल्ली (बाणा म्हणजे आडवा). ज्या खात्यात काम त्या गल्लीत घर. दारं निळी, हिरवी, एक तर चक्क गुलाबी. कुठं तरी मसाला भाजल्याचा ठसका. मला वाटलं, रडकी वस्ती असेल. इथं तर सगळी माणसं नवे कपडे घालून लगबगीनं मधल्या चौकाकडे निघाली होती.

मी पण निघाले, गठ्ठा सोडून हातात घेतला, आणि चौकात पाऊल टाकताच एकदम ओरडा झाला.

"आवं ताई, भिंतीतनं कुठं शिरलासा!"

मी दचकून मागे सरले. पायाखाली रांगोळीची रेघ होती, माझ्या चपलेनं फिसकटलेली. रेघ चौकभर गेली होती, वळली होती, आत खोल्या झाल्या होत्या.

"आता भिंतीला भगदाड पाडलंसा की," पंक्चरवाले शिवाप्पा म्हणाले. ते कॉम्प्रेसर ढकलत होते. "फाटक तिकडं हाय. चपला भाईर काढा आन् सरळ वाटंनं या."

लोक हसत होते. मी निमूट वळसा घालून रांगोळीच्या फाटकातून आत गेले.

गिरणी होती! सबंध गिरणी जमिनीवर मांडली होती. एका खोलीत आडवा धागा नेणारे लाकडी धोटे, टोकांना लोखंड, माशासारखे. दुसरीत सूत कातायच्या चात्या आणि रंग उडालेल्या कांड्या. दातेरी चाकं, पट्ट्याची कप्पी, टाइम ऑफिसचं बंद घड्याळ, खात्यांच्या पितळी पाट्या. प्रत्येक वस्तू घासून लख्ख, वर हळदकुंकू, झेंडू. घराघरातनं एकेक तुकडा येत होता आणि आपल्या खात्यात, आपल्या जागी बसत होता. आणि मधोमध, पाटावर, केळीच्या पानावर तो होता. पितळी भोंगा.

"हा... हा इथं कसा?" मी विचारलं.

"माझ्या कणगीत असतो," शेजारून उत्तर आलं. हौसाक्का. कांडीखात्यात, म्हणजे कांड्यांवर सूत भरायच्या कामावर, उमर काढलेली बाई. काठापदराचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "वर ज्वारी, खाली भोंगा. उंदरंबी घाबरत्यात."

"म्हणजे तुम्ही चोरलात?"

"न्हाई तर काय, त्यो चालत आला?" तिनं माझ्या हातातलं पत्रक ओढलं, डोळ्यांपासून लांब धरून मोठ्यानं वाचलं आणि चौकाला हाक दिली, "आरं ऐकलासा का! आपल्याला जेरबंद करायला साताऱ्याहनं पोरगी आलीया!"

"जेवल्यावर न्हेणार का तसंच?" कुणी तरी विचारलं.

मला हसू येत नव्हतं. मी तिथंच भांडायला उभी राहिले. हा सगळ्यांचा ठेवा आहे, कणगीत कसा ठेवता, रीतसर ताब्यात द्या, संग्रहालयात राहील, हजार माणसं बघतील.

"बघतील," हौसाक्का म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "भंगारवाल्यानं यंत्रं फोडली, तवा आमी फाटकाला धरून उभं व्हतो. घणाचा आवाज येत व्हता. तवा पेठंतला एकेक माणूस आत गेला आन् आपल्या हाताखालचं यकेक काढून आणलं. तवा तुजा कागुद कुठं व्हता, पोरी? पोलिसांनी ह्यो नेला तर पंचनामा हुईल, चिठ्ठी बांधतील, कोठडीत ठिवतील. आन् काचंत ठिवला तरी त्याला वाजवंल कोण?"

हातातला गठ्ठा मी कडेच्या ओट्यावर ठेवला.

शिवाप्पांनी नळी जोडली. सगळे फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले, मीही. मग भोंगा वाजला. वाफेवरचं ते जनावर टायरच्या हवेवर काय वाजणार? आधी खोकला, मग घरघर, आणि मग एक लांब, फाटका, पितळी सूर, जो छातीत शिरला आणि तिथंच राहिला.

माणसं फाटकातून आत गेली, आपापल्या खात्यात. म्हातारे, सुना, नातवंडं. जो माणूस आता नाही त्याच्या जागी त्याच्या घरचं कुणी तरी. हौसाक्का कांड्यांपुढे उभी राहिली आणि तिची बोटं आपोआप हलायला लागली, नसलेला तुटका धागा जोडायला. मग भोंगा परत वाजला, म्हणजे पाळी सुटली, आणि एकदम कलकल, भडंगाची पातेली, चहा, "आरं, माझा धोटा कुणी उचलला?" घटकाभरात जमीन झाडून कोरी. गिरणी परत घराघरात गेली.

फोन वाजत होता. साताऱ्याहून आमच्यातलाच एक मित्र. "वाटलीस का पत्रकं?"

मी गठ्ठ्याकडे पाहिलं. हौसाक्का ओट्यावर बसून एकेक पत्रक गुंडाळून पुड्या करत होती आणि भडंग भरून पोरांच्या हातात देत होती.

"हो," मी म्हणाले. "संपत आली."

परतीलाही सकाळचीच एसटी मिळाली, काचेवरचा हार वाळलेला. मी गाडीच्या पाया पडले. चालक बघून हसला. कराडपर्यंत भडंग खाल्लं. लसूण करपवलेलं, तिखट, जीभ सोलवटणारं. पुडीवर 'जेरबंद' तेलानं पारदर्शक झालं होतं.

मोर्चा झाला नाही. आमच्यात भांडण झालं, ते अजून चालू आहे. मला गद्दार म्हणून झालं आहे. म्हणोत. माझा राग गेलेला नाही, तो चुन्याच्या रेघांवर आहे, आणि त्या मारणाऱ्यांवर. पण जागं करायला निघालेल्या मला तिथं सगळे जागेच भेटले, हा धक्का मी अजून पचवते आहे.

म्हणून या लेखात पेठेचं नाव नाही, माणसांची नावं बदलली आहेत. शोधू नका. योगायोगानं खंडेनवमीला पोचलातच, तर चपला बाहेर काढा आणि फाटकातून आत जा. भिंतीतून नको.