भिंगाला डोळा

आमच्या संस्थेचं दार आत्या उघडते. ती कुणाची सख्खी आत्या नाही. नवऱ्याचा मार खाऊन इथे आली, दाराशी बसली आणि आम्हा सगळ्यांची आत्या झाली. मीही तशीच पळून आलेली, पण माझी जीभ तिखट म्हणून संस्था चालवणाऱ्या बाईंनी मला स्वयंपाकघरात डांबलं.

संस्था म्हणजे काय, थोड्या खोल्या, एक जिना आणि एक जाड दार. बाहेर पाटी नाही. बेल वाजली की बाईंनी दाराच्या भिंगाला डोळा लावायचा, आणि त्यांनी मान हलवली तरच आत्याने कडी काढायची. कोण कुणाला शोधत येईल, ते सगळं बाईंच्या डोक्यात. नको असलेल्याला त्या आतूनच सांगत, इथं कुणी राहत नाही. तो गेला की आम्हाला म्हणत, पत्ता चुकला होता बिचाऱ्याचा. आत्याला तर भिंगाजवळ फिरकूही देत नसत. मी तिला चिडवायची, अगं, एवढी वर्षं दार उघडतेस आणि बाहेर कोण आहे ते बघत नाहीस? ती म्हणायची, माझ्यामागे कोण येतंय, तो मला केव्हाच विसरला. हे सांगताना तिचा चेहरा अगदी निवांत असायचा.

बाईंना भरल्या ताटावर झटका आला. जीव वाचला, वाचा गेली, आणि त्या दवाखान्यातच अडकल्या. विश्वस्त धावतपळत आले, कोपऱ्यात कुजबुजले, आणि किल्ल्या आत्याच्या कमरेला आहेत म्हणून तिलाच प्रमुख करून मोकळे झाले. काय अक्कल एकेकाची! आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंच्या खुर्चीत ती काही केल्या बसेना.

दुसऱ्याच दिवशी दुपारी बेल वाजली. आत्या सवयीने कडीपाशी गेली, आणि मान हलवणारं कुणी नाही म्हणून तशीच उभी राहिली. बेल पुन्हा वाजली. वाजवणाऱ्याला घाई नव्हती. मला त्याचीच भीती वाटली.

एकेकीला बघू दे, मी म्हटलं. बायकांनी दाराशी यायचं नाही हा नियम मोडून आम्ही रांग लावली. शिवणकाम करणारी पोर पुढे झाली, तिने डोळा लावला आणि "माझा नाही" म्हणून बाजूला झाली. मागच्याही तेच म्हणत गेल्या. मीही बघितलं. पिकल्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, हातात छत्री. माझा नव्हता. मी सुटले, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, खरंच पत्ता चुकला असेल, उघड बाई. आत्याने कडीला हात घातला. मग काय वाटलं कोण जाणे, आता प्रमुख आहोत तर एकदा आपणही बघावं म्हणून तिने टाचा उंचावल्या.

बराच वेळ ती हललीच नाही. मागे सरली तेव्हा तिने स्वतःची मूठ तोंडात कोंबली होती. मी कान जवळ नेला.

"माझा," ती म्हणाली.

इतकी वर्षं बाई कुणाला परत पाठवत होत्या, ते मला तेव्हा कळलं. आत्या एक शब्द बोलली असती तर त्याने आवाज ओळखला असता. म्हणून मीच दाराला तोंड लावून सांगितलं, "इथं कुणी राहत नाही."

तो बाहेरून अगदी गोड आवाजात म्हणाला, "दर वेळी दुसऱ्या एक बाई सांगायच्या हे. त्या कुठं गेल्या?"