चौकोनी कंसातलं ऐच्छिक

अकोल्याच्या जठारपेठेतली तहरीम सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहिते. शेजारणींना वाटतं, ती गोष्टींची पुस्तकं लिहिते. समजावण्याच्या भानगडीत ती पडत नाही. गोदामांसाठीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आज्ञा मराठीतच टाइप करायच्या. त्याची पुस्तिका तिचीच. जगभर चालतो तोच रिवाज तिने पाळला: टोकदार कंस दिसला की तिथे आपला मजकूर भरायचा, चौकोनी कंसातलं हवं तर लिहायचं, नाहीतर सोडायचं. हे नियम पहिल्याच पानावर, अगदी नेटके. त्या पानावर तिचा फार जीव.

बार्शीटाकळीच्या गोदामात घोळ झाला. आज्ञा होती: जमा <गाव> [नव्याने]. 'नव्याने' लिहिलं की त्या गावाच्या मालाची आधीची जमा-नोंद पुसली जाते. तिथे नोंदी करणाऱ्या रागिणीने ते प्रत्येक गावापुढे लिहिलं. तुरीची सगळी जुनी जमा साफ! राखीव प्रतीवरून ती परत आणता आली, पण सॉफ्टवेअर कंपनीचा मालक योगेश तापलाच.

"दोष पुस्तिकेचा निघाला तर मराठी बंद. इंग्रजीच देऊ."

म्हणजे तहरीमचं काम संपलं. दोष रागिणीचा, असं ठरवूनच ती एसटीत बसली.

"पहिलं पान वाचलं होतं का?" तिने गोदामात शिरताच विचारलं.

"पयलं पान कोन वाचते, ताई?" रागिणी म्हणाली. "तुमी वाचता का मिक्सरचं?"

"मग चौकोनी कंसातलं काहून लिहिलं?"

"कंसात होतं म्हनून!" रागिणीने पोत्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. पिंपळगाव (अकोला). पिंपळगाव (पातूर). "आमच्या इथं कंसातलं सोडलं, तं माल दुसऱ्याच पिंपळगावच्या नावावर जाते. तेच तं पयले पाहा लागते."

"हे गोल कंस आहेत."

"गोल का चौकोनी, कंस तं कंस. घेरून ठेवलं म्हनजे महत्त्वाचं."

तहरीम चहा न घेताच निघाली. पान वाचलं नव्हतं, ही कबुली मिळाली होती. योगेशला तेवढी पुरली असती. पण तीच पुस्तिका भातकुलीच्या गोदामालाही गेली होती, आणि पोत्यांवरच्या चिठ्ठ्या तिथेही अशाच.

"तिने वाचलं नाही," तिने योगेशला सांगितलं, "आणि दोष पुस्तिकेचाही आहे. कंस काढते. साध्या जमेची आज्ञा एका ओळीत, पुसणारी वेगळ्या पानावर."

"जगात कोणी असं लिहितं का?"

"जग बार्शीटाकळीत तूर मोजत नाही."

"आणि इंग्रजी दिली तर?"

"त्यातही हेच कंस आहेत. मग रागिणीचा फोन तू घे."

"काढ कंस," योगेश म्हणाला. फोनवरची रागिणी त्याने दोन दिवस ऐकली होती.

नियमांचं पान तहरीमने स्वतःच काढून टाकलं. वाईट वाटलं, पण काढलं. पुस्तिका चांगलीच जाड झाली. योगेश छपाईच्या खर्चावरून कुरकुरला आणि भातकुलीची प्रत आधी बदलून द्यायला त्याने तिलाच पाठवलं.