भुरीचं पथ्य

आमच्या रामबागेतल्या आवारात दोनच बिऱ्हाडं. एक आमचं, शाळामास्तराचं; दुसरं जयसिंगराव आणि गंगूबाईंचं. मधे अंगण आणि नळ. त्यांच्या घरातलं सगळं आमच्या देवघरापर्यंत ऐकू येतं. आठ वर्षं ऐकते आहे. आधी भांडं आदळतं, मग शिवी, आणि मग गंगूबाईंचा चिरका आवाज, "मार, अजून मार! घोडी गेली तुझी, आता मी उरले ना मारायला!"

जयसिंगराव होळकरांच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, होते. फौज मोडली तेव्हा पितळी बटणांचा कोट घेऊन घरी आले. आता कापडाच्या गिरणीच्या फाटकावर चौकीदार आहेत. गंगूबाई गुमान मार खाणाऱ्या नव्हेत. त्यांचा पुढचा दात नवऱ्यानं पाडला, आणि नवऱ्याच्या भुवईवरची खोक त्यांच्या उलथन्याची.

मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी, नवा मध्य प्रदेश होऊन राजधानी भोपाळला गेली आणि आमचे हे महिनाभर चिडचिडत होते, त्याच सुमाराला कुत्र्यांनी फाडलेलं मांजराचं पिल्लू गंगूबाईंनी गटारातून उचललं. कुत्र्यांवर विटा अशा फेकल्या की एकाचा पायच मोडला. पिल्लाचं पोट उघडं पडलं होतं. गंगूबाईंनी ते मांडीवर दाबून धरलं आणि रजईच्या दोऱ्यानं शिवलं. दोन्ही हात ओरबाडून रक्तबंबाळ, पण टाका चुकला नाही. रंगावरून नाव ठेवलं भुरी. भुरी जगली, पण पोट कायमचं नाजूक राहिलं.

यंदा श्रावण लागला आणि तिचं पोट पार बिघडलं. दूधभात खाल्ला की राखेच्या टोपलीपर्यंतही पोचायची नाही. एकदा जयसिंगरावांच्या अंथरुणातच झालं. त्यांनी तिला मानगुटीला धरून भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा गंगूबाईंनी त्यांच्या दंडाचा असा कडकडून चावा घेतला की मांजर हातातून सुटली.

"बस हो गया, गंगू," दंडाचं रक्त पुसत ते म्हणाले. "अजून एकदा घाण केली ना, तर लाठीनं डोकं ठेचतो हिचं."

"मांजर मारलीस तर काशीला सोन्याची मांजर दान द्यावी लागते. सोनं कुठून आणशील? गिरणीच्या फाटकाचं काढून?"

"तुझं डोरलं आहे ना."

त्या दिवशी गंगूबाई माझ्याकडे आल्या. ओठ सुजलेला. "वहिनी, खरं सांगा, हिला ओलं देऊ की कोरडं? तो बोलतो ते करतो. मारून टाकेल तिला."

मी म्हटलं, "नाजूक पोटाला मऊच द्यावं. आपण आजाऱ्याला पेज देतो की नाही?"

पेज दिली, दहीभात दिला, जास्तच बिघडलं. मग कोरड्या पोळीचा चुरा ठेवला तर भुरीनं त्याला तोंड लावलं नाही, दोन दिवस उपाशी राहिली. शेवटी गंगूबाईंनी तिला पिशवीत घातलं आणि मल्हारगंजात शंकररावांकडे नेलं. शंकरराव रिसाल्यात घोड्यांचे डॉक्टर होते, आता टांग्याची घोडी तपासतात. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि खेकसले, "मांजर म्हणजे गाय आहे का, गंगूबाई? दुधाचा थेंब नको, भात नको. बकऱ्याचं फुप्फुस उकडा, पाणी फेका, बारीक तोडून तव्यावर कोरडं करा. ते थोडं थोडं द्या. पाणी वेगळ्या वाटीत. पंधरा दिवस दुसरं काही तिच्या पोटात जाता कामा नये."

श्रावणात घरात मांस! जयसिंगरावांनी उकळतं पातेलं लाथेनं उडवलं. गंगूबाईंची पावलं भाजली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात तीन विटा मांडल्या आणि तिथे शिजवलं. मला म्हणाल्या, "वास येईल तुम्हाला, वहिनी. माफ करा, पण मी थांबायची नाही." मी दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

आठवडा झाला तरी फरक पडेना. "कोरड्यानंही थांबत नाही हो," त्या म्हणायच्या. रात्ररात्र मांजर मांडीवर घेऊन जाग्या राहायच्या, म्हणजे अंथरुणात जाऊ नये. मी म्हणायची, "महादेवावर सोडा."

आता लिहायचं ते लिहिते. श्रावणात माझा रोज पिंडीवर दुधाचा अभिषेक असतो. ते तीर्थ मोरीत जाऊ नये, पायदळी येऊ नये, म्हणून घरातल्यांनी घेऊन उरलं की मी वाटीत घालून उंबऱ्याशी ठेवत असे. भुरी येऊन चाटूनपुसून पिऊन जायची. मला बरं वाटायचं, मुक्या जिवाच्या पोटात प्रसाद गेला. गंगूबाईंनी शंकररावांचं सांगणं मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. दुधाचा थेंब नको, हे मी या कानांनी ऐकलं होतं. पण अभिषेकाचं दूध म्हणजे दूध, हे माझ्या मनात आलंच नाही. ते तीर्थ. तीर्थानं कोणाचं पोट बिघडतं का? उलट तिला गुण येईना म्हणून मी वाटी मोठी केली.

परवा सोमवारी पंचामृत होतं. दूध, दही, तूप, मध, साखर. भुरी वाटीभर प्यायली.

जयसिंगरावांनी ओल लागलेला कोट वाऱ्यावर अंगणातल्या खाटेवर पसरला होता. दुपारी त्यांची आरोळी ऐकून मी धावले. कोटाच्या छातीवर, बटणांवर सगळी घाण, पांढरट, आंबूस वासाची. भुरी खाटेखाली चेपून बसलेली. त्यांनी लाथेनं खाट उलटवली आणि लाठी उचलली. गंगूबाई मधे पडल्या. लाठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. त्यांनी पुन्हा लाठी उगारली.

वास माझ्या नाकात होता, आणि तेव्हा कळलं.

"भाऊजी, थांबा! दूध मी दिलं! रोज देत होते!"

ते लाठीसकट माझ्याकडे वळले. वाटलं, आता माझं डोकं. पण दुसऱ्याच्या बायकोवर हात टाकणारे ते नव्हेत. "वाह, वहिनीसाहेब," म्हणाले, "क्या पुण्य कमाया!" आणि पुढे होऊन माझ्या दारातला दुधाचा तांब्या लाठीनं असा उडवला की त्याला खोल पोचा पडला.

गंगूबाई उठल्या. लोंबणारा उजवा हात छातीशी धरून माझ्यासमोर आल्या आणि डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. खाडकन. आयुष्यात मला कोणी मारलं नव्हतं, वडिलांनीसुद्धा नाही. गालाच्या आत दात रुतून रक्ताची चव आली.

"माझ्या पोरीला विष घातलंत," त्या म्हणाल्या. आणि लगेच, त्याच दमात, "आता फुप्फुस कोण तोडणार? माझा हात गेला."

जयसिंगराव लाठी टेकून उभे होते. मोडलेल्या मनगटाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलले तेच, "पंधरा दिवस. डॉक्टरनं म्हटलंय तेवढे. त्यानंतर मी ऐकणार नाही."

काल सकाळी अभिषेकाचं दूध तुळशीत ओतलं. मग पदर खोचला आणि त्या तीन विटांपाशी जाऊन बसले. जन्मात मांसाला बोट लावलं नव्हतं. फुप्फुस स्पंजासारखं असतं, बोटांत दबून सुस्कारा सोडतं. मला दोनदा ओकारी आली.

"बारीक," गंगूबाई ओरडल्या. हात फळीला बांधलेला. "अजून बारीक. तिचे दात बघा केवढेसे."

बारीक केलं. तव्यावर कोरडं केलं. भुरीनं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं. मी डोक्यावरून अंघोळ केली. आज पुन्हा गेले. अजून तेरा दिवस आहेत.