चष्मा: नाही

माझ्या बायोडाटात ‘चष्मा: नाही’ ही ओळ आत्याने सांगितली आणि धाकट्या बहिणीने टाइप केली, तेव्हा चष्मा माझ्या नाकावरच होता. नंबर उणे नऊ. लेन्स मला सोसत नाहीत.

“लेझर करणारच आहोत की. मग खोटं कसलं?” आत्या म्हणाली.

जुन्नरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. घाटघरहून लुगडी घ्यायला येणाऱ्या बायकासुद्धा विचारतात, “ती चष्मेवाली पोरगी न्हाई व्हय आज?” समाजाच्या वधू-वर ग्रुपला तेवढं माहीत नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. बुबुळावरचा पडदा पातळ आहे, म्हणाले, लेझर मी करणार नाही. आत्या जिना उतरता उतरता म्हणाली, “दुसरीकडे करतील.” तोवर मंचरच्या पाहुण्यांचा रविवार ठरला होता.

रविवारी तिने माझा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत अकरा पावलं. सकाळीच मोजून ठेवली होती. चहा सांडला नाही. मुलाचा चेहरा म्हणजे एक गव्हाळ डाग.

त्याच्या आईने सुईदोरा पुढे केला. “ओव बरं. आमच्यात पाहतात.”

हे मला सोपं होतं. अगदी जवळचं मला कुणापेक्षाही नीट दिसतं. सुई नाकाशी धरून मी एका झटक्यात दोरा ओवला.

मग मुलाची बहीण म्हणाली, “वहिनी, ही बोटं किती, सांगा ना.”

“तीन.”

“अहो, मूठ आहे!”

सगळे हसले. मुलगाही. आत्या सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलगी बरी आहे, ऑपरेशन करून घ्या, मग पुढचं बोलू. आई देवापुढे जाऊन बसली.

आत्याने लेझर करून देणारं क्लिनिक शोधलं. तिथला फॉर्म इंग्रजीत होता. बाबा म्हणाले, “काय लिहिलंय?” मी एकेक ओळ मराठीत सांगितली. पडदा पातळ असल्याचं समजावलं आहे. नजर कायमची अधू होऊ शकते. जबाबदारी सही करणाऱ्याची.

बाबांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. “असं लिहावंच लागतं त्यांना.”

घरात आजवर मी ‘नको’ म्हणाले होते ते फक्त जेवताना, पानात आणखी काही वाढू लागल्यावर. त्या दिवशी तेवढंच म्हणाले. बाबांनी पेन परत खिशाला लावलं.

“बस मग जन्मभर सुया ओवत,” आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी मी ‘चष्मा: आहे’ असा नवा बायोडाटा करून तिला पाठवला. तिने तो ग्रुपवर टाकला नाही. महिन्याभराने बहिणीचा टाकला. बहिणीचा नंबर उणे तीन आहे. ‘चष्मा: नाही’ ही ओळ तिने या वेळी कुणी न सांगताच टाइप केली.